चांदणीवरल्या दोघींचा म्होरला भाग

कस्तुराआत्या गेली त्या दिशी दुपारपतुर तिच्या खाटंभवती भांडणच चाललं हुतं. भांडण कशाचं, तर गोष्टीचं.

खाट दारातल्या लिंबाखाली टाकलती. आत लई उकडायचं, आन मानसं दिसली की तिला जरा बरं वाटायचं. पोटातल्या गाठीनं बाई निस्ती वाळून गेलती. उस्मानाबादच्या दवाखान्यानं "आता घरीच सांबाळा" म्हनून कवाच माघारी धाडलतं. उशाला मालनमावशी बसलती, वल्लं फडकं तिच्या व्हटाला लावीत. मालनमावशी नात्यातली न्हाई, गोत्यातली न्हाई. बहात्तरच्या दुष्काळापसनं कस्तुराआत्याच्या घरात, तिच्याच चुलीवर राह्यल्याली बाई.

खुरपनीची टोळी भाकरी खाऊन थेट हितंच आली. म्होरं भिमाबाई, तिच्या मागं बनाबाई, म्हंजी कस्तुराआत्याच्या भावाची, ज्ञानोबाची बायकू. सगळ्यात मागं रुद्रम्मा, लोहाऱ्याकडली, लिंगायताची.

"कस्तुरे, जागी हाईस का?" भिमाबाईनं इचारलं.

"मेली न्हाई आजून."

"मंग सांग की. धाकलीचं काय केलंस?"

"तितंच राह्यली," कस्तुराआत्या म्हनली. आवाज निस्ता कागदावानी.

"बगा! तितंच म्हनं! आगं थोरली मेल्यावर एकटी बाई चांदणीवर करील काय? पान्यासंगं बोलंल?"

बनाबाई म्हनली, "म्या मागंच म्हनले, येक बाप्या धाड. गरीब सभावाचा. मास्तर-बिस्तर."

"तुज्याच नवऱ्याला धाडू का?" कस्तुराआत्यानं इचारलं.

"धाडा की वन्सं! फकस्त दोन टायमाला गरम भाकरी लागती त्येला, येवडं चांदणीवाल्यास्नी सांगून ठिवा."

सगळ्या हासल्या. कस्तुराआत्या बी हासली, मंग तिला कळ आली. कळ वसरल्यावर ती मालनमावशीला म्हनली, "च्या कर गं ह्येंच्यासाटी. आन साकर जरा टाक, न्हायतर भिमी उद्या त्येच्यावरनं भांडंल."

मालनमावशी आत गेली. चूल फुकली, आदन ठिवलं. भाईर भिमाबाईचा आवाज चालूच हुता, धाकलीला भाऊ हाईत, माघारी धाडावं, ह्येच आपलं. मालनमावशी किटली घिऊन भाईर आली तवा भिमाबाई म्हनायली, "आगं, ऐकायलीस का न्हाई?"

रुद्रम्मानं खाली वाकून कस्तुराआत्याच्या नाकाम्होरं हात धरला. "अवो, भांडू नका," ती म्हनली. "बाई गेल्यात."

मालनमावशी किटली धरून हुबीच. कुनीतरी ती तिच्या हातातनं घेतली.

आता ह्यी गोष्ट काय, आन तिच्यापायी मरत्या बाईच्या खाटंला भांडण का, ते सांगाया पायजे.

बहात्तर साली पाऊस पडलाच न्हाई. ढोकीच्या अलीकडं रस्त्याचं दुष्काळी काम निगालं, खडी फोडायचं. समदा मुलूख तितं येऊन बसलता. खायाला मिलोची, म्हंजी परदेशी ज्वारीची, लाल भाकरी आन सरकारी वाटपाची सुकडी. कस्तुराआत्याचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिसात गेलता. बापानं मरताना भावाच्या जाग्यातली येक खोली तिला तोंडानं दिलती, त्यात ती ऱ्हायची. मालनमावशी तेरखेड्याची. तितं फटाक्याच्या कामाला जायची, सुतळी बाँब वळायची. बोटाच्या पेरांत दारूचे काळे डाग, ते शेवटपतुर गेले न्हाईत. नवऱ्यानं दुसरी आनली, ह्यिनं लुगड्याचं गठुडं बांदलं आन भावाच्या दारात न जाता खडीवर आली. दोगी येकाच ढिगाला समोरासमोर बसायच्या. हिचा हातुडा वर, तिचा खाली.

तात्याराव मुकादमाकडं रेडिओ हुता. दुपारच्या बातम्या तो सगळ्यास्नी ऐकवायचा. येक दिस सांगितलं की अमेरिकेची मानसं चंद्रावर गेली आन तितनं दगड घिऊन आली.

"दगड?" कस्तुराआत्या म्हनली. "दगडासाटी येवड्या लांब गेली व्हय? हितं आली आसती तर म्या ब्रासावर मोजून दिले आसते."

तात्याराव बी हासला. तितनं ती गोष्ट निगाली. दुसऱ्या दिशी सुट्टीत कस्तुराआत्यानं सुरवात केली. दोगी बाया हुत्या, येक थोरली, येक धाकली. खडी फोडून फोडून बेजार झालत्या. धाकलीला फटाक्याची दारू भरता यायची. दोगींनी रस्त्यावरचा डांबराचा रिकामा पिंप घेतला, तळाला दारू ठासली, वात लावली आन आत बसल्या. पिंप जो उडाला तो ढोकीवरनं, तेरच्या देवळावरनं, पार ढगाच्या वर.

"चंद्रावर हवा न्हाई, पानी न्हाई," तात्याराव म्हनला. "रेडिओवाला म्हनलाय."

"म्हनून तर त्या चंद्रावर उतरल्या न्हाईत. फुडं गेल्या, शुक्राच्या चांदणीवर. तितवर तुमचा रेडिओ पोचत न्हाई, मुकादम."

त्या चांदणीवर जमिनीतनं आपोआप पानी यायचं. बाईनं पाय ठिवला की पावलात झरा. हीर न्हाई, हिरीची वाटनी न्हाई, हितं शिवू नका, तितनं भरू नका, आसलं काय न्हाई. बाप्या तर औशदाला न्हाई. दोगींनी येक चूल मांडली, येक वाकळ शिवली आन राह्यल्या.

"नवरा-बायकूवानी?" बनाबाईनं इचारलं. तवा ती नवी नवरी हुती, तिला आसले परश्न पडायचे.

कस्तुराआत्यानं मालनमावशीकडं न बगता सांगितलं, "त्येच्याहून बऱ्या. कुनी कुनाला मारीत नव्हतं."

मंग रुद्रम्मानं इचारलं, "पानी गोडं का मचूळ?" आन मंग सगळ्याच पान्याचं इचारू लागल्या. हांडं किती भरायचं, अंगूळ रोज करायच्या का, शेळीला पाजायच्या का. त्या सालात सगळ्यांची नदर पान्यावर हुती. दोगी तितं कशा ऱ्हायल्या, त्यात कुनाला वावगं वाटाया फुरसतच नव्हती. पैल्या भागावर सगळे खूश.

पाऊस पडला, कामं बंद झाली. मालनमावशीनं गठुडं उचललं आन कस्तुराआत्याच्या मागनं गावात आली. लोक म्हनले, खडीवरची मैतरीण हाय. फुडं ज्ञानोबाला लेकरं झाली, त्येंनी मावशी म्हनाया सुरू केलं आन ती सगळ्या वस्तीची मावशी झाली. जास्तीचं कुनी इचारलं न्हाई, दोगींनी सांगितलं न्हाई. ढोकीच्या बाजारातनं येताना दोगी हात धरून चालायच्या आन गाव दिसाया लागलं की सोडायच्या. साकरंवरनं भांडायच्या. कस्तुराआत्याला च्या गोड लागायचा, मालनमावशीला गुळाचा. शेवटी दोन पातेल्यात दोन च्या.

ढोकीला साकर कारखाना हुताच. सभासदांच्या उसात खुरपनीला बायांच्या टोळ्या लागायच्या. खडीवरच्याच बाया टोळीत आल्या आन तात्याराव बी मुकादम म्हनून आला. रेडिओ त्योच.

खुरपनीची येक रीत आसती. परत्येकीनं येक पात धरायची, म्हंजी उसाची येक सरी. सगळ्या पाती संगंच म्होरं सरकल्या पायजेत. गोष्ट सांगनारीचा हात ढिला पडतो, ती मागं ऱ्हाती. मंग दोन्ही बाजूच्या बाया आपली पात काढता काढता तिची बी वडतात. तिचं गवात त्या काढतात, ती गोष्ट सांगती. गोष्ट पसंत आसली तर पात आपोआप वडली जाती. पसंत नसली की कुनी काय बोलत न्हाई, फकस्त तिची पात तिच्यावर सोडून देत्यात. मंग ती बांधापसनं लांब मागं, गवतात येकटी.

श्याऐंशी साल बी कोरडंच हुतं, उसाला पानी पुरंना. कस्तुराआत्याच्या पोटात दुखाया लागलतं, दवाखान्यात गाठ म्हनले. त्याच आठवड्यात ती उसात म्हनली, "चांदणीवरच्या दोगींचं म्होरं काय झालं ते सांगू का?"

"सांग की!" सगळ्याच म्हनल्या. इतक्या वर्सानी म्होरला भाग!

कस्तुराआत्यानं सांगितलं, दोगी म्हाताऱ्या व्हाया लागल्या. थोरलीच्या पोटात दुखाया लागलं. तिला कळलं, आपून आता ऱ्हात न्हाई. तवा तिनं झऱ्याला सांगितलं, चुलीला सांगितलं, की माज्या मागं हितलं सगळं धाकलीचं. तिला कुनी माघारी धाडायचं न्हाई.

पाती म्होरं सरकत हुत्या. भिमाबाईचं खुरपं थांबलं.

"ह्ये काय बरुबर न्हाई," ती म्हनली. "धाकलीला माघारी धाड. तिचं मानूस मेल्यावर तिचा तितं हक कसला?"

"का गं? येवडी वर्सं कुनी पानी भरलं, चूल कुनी सारवली?"

"सारवल्यानं बाई घरची व्हती का?"

तात्याराव बांधावरनं म्हनला, "दारू तर सपली आसंल. माघारी येनार कशी? पिंप बी गंजला आसंल."

"तुमी गप बसा हो मुकादम," भिमाबाई म्हनली. पर त्याची गोष्ट तिला पटली न्हाई आसं बी न्हाई.

धाकली कोन, ह्ये उसातल्या परत्येकीला ठावं हुतं. मालनमावशी तितंच दुसऱ्या पातीवर हुती, मान खाली घालून. कस्तुराआत्या गेल्यावर मालननं त्या खोलीत ऱ्हायाचं का तेरखेड्याला भावाकडं जायाचं, ह्येचा निकाल लावायला टोळी बसलती. तोंडावर कुनी म्हनत नव्हतं. सगळ्या आपल्या चांदणीवरच्या धाकलीचं बोलायच्या.

त्या दिशी भिमाबाईनं कस्तुराआत्याची पात सोडली. दुसऱ्या दिशी बनाबाईनं बी सोडली. तिला बाप्या पायजे हुता. बाप्याबिगर गोष्टीला शेवट येतच न्हाई, आसं तिचं मत. रुद्रम्मा मदीमदी येक-दोन हात मारायची, गवात काढून फेकता फेकता म्हनायची, "मला पटती. पर थोरली इतक्या लवकर मारू नगा, वाईट वाटतंय." बाकीच्या भिमाबाई करंल तसंच करायच्या. कस्तुराआत्या मागं पडायची, आन मालनमावशी आपली पात आन तिची पात, दोन्ही येकटीच वडायची. हाताला फोड आले. गोष्ट मातर कस्तुराआत्यानं बदलली न्हाई.

येक दिस दोगी दारात मिरच्या निवडीत बसलत्या. मालनमावशी म्हनली, "बदल की गं. धाडून दे धाकलीला माघारी. कटकट तरी मिटंल."

"तू जाशील?"

"न्हाई."

"मंग?"

मालनमावशीनं फुडली मिरची उचलली. कस्तुराआत्यानं येक मिरची मोडून बगितली. "पैला भाग सगळ्यास्नी आवडलता," ती म्हनली. "दोगी जित्या हुत्या म्हनून. दोगी हायेत तवर लोकास्नी हासायला येतं. येक ऱ्हाती तवा खरं कळतंय. म्हनून आताच सांगून ठिवते. माजी तब्येत हाय तवर भांडू द्या त्येंना माज्यासंगं."

ही गोष्ट ज्ञानोबाच्या बी कानावर गेली. ज्ञानोबा मानूस वाईट न्हाई. कारखान्यावर वजनकाट्याला हुता, मोजकं बोलायचा. त्यो येऊन उंबऱ्यावर बसला.

"आक्का, उसात काय सांगायलीस म्हनं?"

"गोष्ट सांगायले."

"लोक इचारतेत. खोली माज्या जाग्यात हाय. उद्या तुज्या मागं मालनबाई हितं ऱ्हायल्या तर म्या काय सांगू, कोन म्हनून ऱ्हायल्या? म्या त्येंच्या भावाला निरोप धाडतो. कोंडिबा येऊन घिऊन जाईल. इज्जतीनं जातील."

"तू कोन म्हनून सांगतूस तुज्या बायकूला? कुनी इचारतं का?"

ज्ञानोबा उठला. "त्ये येगळं हाय," म्हनला. जाता जाता मालनमावशीच्या म्होरं थांबला. मंग चपला पायात घालून गेला.

भिमाबाई का अडून बसलती, ते मालनमावशीला हिरीवर कळलं. दोगीच हुत्या. भिमाबाई हांडा भरता भरता म्हनली, "माज्या मनात तुज्याबद्दल वाईट न्हाई, मालन. नवरा गेल्यावर म्या सासरी तशीच राह्यले. दीर दारं लावून घ्यायचे. जाव मीठ उसनं द्यायची न्हाई. साल साल माज्या दारात कुनी हुबं राह्यलं न्हाई. म्या तर लग्नाची हुते. तुला कोन इचारंल? जा भावाकडं. निदान पोटाला तरी मिळंल."

"भावाकडं दारात हुबं ऱ्हातील?"

भिमाबाईनं हांडा डोक्यावर घेतला. "तुला बी तिची सवय लागली," म्हनली. "उलटं इचारायची."

त्यानंतर कस्तुराआत्या उसात आलीच न्हाई. खाटंवरनंच गोष्ट चालायची, आन टोळी रोज दुपारी भांडाया यायची. म्हातारीला बगाया येतोत म्हनायच्या, पर खरं तर म्होरं काय झालं ते ऐकाया. मरायच्या दिशी बी म्हनूनच आलत्या.

माती सांजच्याला झाली. पांढरा कपडा अंगावर, वस्तीतली समदी मानसं, बुद्धवंदना झाली. ज्ञानोबानं खांदा दिला, रडला न्हाई, पर येताना त्याची चप्पल कुठं राह्यली त्याला कळलं न्हाई. घरी फोटूम्होरं मेनबत्ती लावली. बाया ज्ञानोबाच्या वसरीत बसल्या, तितं नातलग, रडनं, इचारपूस. मालनमावशी आपल्या खोलीच्या दारात बसली. मेलेल्या बाईची ती कोन लागती म्हनून कुनी तिच्या गळ्यात पडायचं, ह्ये कुनालाच ठरवता येईना. म्हनून कुनी पडलं न्हाई. लिंबाखाली खाट तशीच हुती. वल्लं फडकं खाटंच्या पट्टीवर वाळत पडलतं.

कोंडिबा आलता. आदल्या दिशीच ज्ञानोबाचा निरोप गेलता त्येला. डोक्याला टावेल गुंडाळून त्यो खाटंच्या कडंला टेकला.

"मालन, गठुडं बांद. तेरखेड्याला जाया येरमाळ्याची शेवटची गाडी हाय. ती गाठू."

मालनमावशी दारातनं उठून लिंबाखाली, खाटंच्या पायथ्याला येऊन बसली.

"हितं कोन हाय तुजं आता? उगं हासं करून घिऊ नकु."

"बसा घटकाभर," ती म्हनली. येवडंच.

आपल्यात सुतक-बितक न्हाई म्हनत्यात. तरी माती झालेल्या घरी त्या दिशी चूल पेटत न्हाई. शेजारच्या बायांनी भाकऱ्या करून आनायच्या, आन त्या मयताच्या घरच्यांनी खायच्या. दरवर्सी कुनी ना कुनी जातं, दरवर्सी भाकऱ्या येतात. कुनाच्या दारात न्यायच्या, ह्येचा इचार करावा लागला न्हाई कवा. आज ज्ञानोबाच्या वसरीत बनाबाईनं जागा करून ठिवलती. सगळं घर तितंच हुतं.

आळीतनं भिमाबाई आली. डोक्यावर टोपलं, टोपल्यात भाकऱ्यांची चवड, वर पिठल्याचं पातेलं. मागं रुद्रम्मा पान्याचा तांब्या घिऊन. बनाबाई उठून हुबी राह्यली. "या, हितं ठिवा," म्हनली.

भिमाबाई तिच्याकडं न बगता म्होरं आली. ज्ञानोबाचं दार वलांडून लिंबाखाली. टोपलं मालनमावशीम्होरं खाली ठिवलं. गुडघ्यावर हात टेकून बसली आन धापा टाकत म्हनली, "आजून बी म्या म्हनते, थोरलीनं धाकलीला माघारी धाडाया पायजे हुतं. गोष्ट तितं चुकली तिची."

मालनमावशी तिच्याकडं बगत राह्यली.

"पर धाडलं न्हाई तर न्हाई," भिमाबाई म्हनली. "आता तिची गोष्ट. खा."

कोंडिबा म्हनला, "बाई, आमाला गाडी गाठायची हाय."

"गाठा की पाव्हनं. दोन घास खाऊन जावा. तुमी येकटंच जायाचं हाय, टाईम लागत न्हाई. तिला उद्या खुरपनी हाय, दोन पाती राह्यल्यात."

कोंडिबा बहिनीकडं बगाया लागला. मालनमावशीनं भाकरी मोडली आन आर्दी त्येच्या हातात दिली.

ज्ञानोबा वसरीतनं सगळं बगत हुता. तितं बसलेले दोन-चार सोयरे बी बगत हुते. त्यो उठला. बनाबाईला काय तरी म्हनला, ती बी उठली. त्यो अनवानी आंगन वलांडून आला, लिंबाखाली खाली बसला, मालनमावशीच्या समोर. टोपल्यातली भाकरी घेतली, पिठलं घेतलं. येक घास खाल्ला.

"पिठलं अळनी झालंय," त्यो म्हनला.

"म्या रडत रडत केलंय," भिमाबाई म्हनली. "नावं ठिवू नका."

ज्ञानोबानं मान वर करून मालनमावशीकडं बगितलं. "वहिनी, तुमच्या घरात मीठ हाय का?"

चौदा वर्सात त्येनं तिला मालनबाईच म्हनलतं. मालनमावशीला ते कळाया जरा येळ लागला. मंग ती उठली आन मीठ आनाया आत गेली.